शौचाच्या रिपोर्टमध्ये ‘ई. कोलाय’ दिसला म्हणून घाबरू नका

सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: शौचाच्या कल्चरमध्ये (सॅम्पलमधले जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय हा जिवाणू आला की इन्फेक्शन पक्कं, लगेच अँटिबायोटिक घ्या. लॅबवाले दोन-तीन दिवस उगाच लावतात, पीसीआरने (जिवाणूंचे जीन शोधणाऱ्या चाचणीने) सगळं काही तासांत कळतं. आणि सॅम्पल कधीही दिलं तरी चालतं. मी लॅबमध्ये रोज याच कल्चरच्या प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशा, वाचते, म्हणून राहवलं नाही.

पहिला दावा सगळ्यात घातक. ई. कोलाय निरोगी माणसाच्या आतड्यात मुक्कामालाच असतो. बालरोगतज्ज्ञ एशरिश यांनी १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही तान्ह्या बाळांच्या शौचातून. त्याचे काही प्रकार आजार करतात हे खरं, पण नेहमीच्या मॅकॉन्की प्लेटवर ते वेगळे ओळखू येत नाहीत. बहुतेक सगळ्यांच्या कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) सारख्याच गुलाबी. ओ-१५७ हा ई. कोलायचा आजार करणारा प्रकार शोधायला सॉर्बिटॉल ही साखरेसारखी गोष्ट घातलेली प्लेट लागते. तिथे इतर गुलाबी होतात, हा बहुधा बिनरंगी राहतो. आणि नेमक्या याच इन्फेक्शनमध्ये अँटिबायोटिकने मूत्रपिंडांचा धोका वाढू शकतो. म्हणजे मेसेजचा सल्ला पाळणारा रुग्ण आगीतून फुफाट्यात!

दिवस का लागतात? कारण जिवाणू वाढायला रात्र लागते, तिथे घाई चालत नाही. सकाळी एक्सएलडी नावाच्या दुसऱ्या प्लेटवर काळ्या ठिपक्याची लाल कॉलनी दिसली की साल्मोनेला या आजार करणाऱ्या जिवाणूचा संशय येतो. पण प्रोटियस हा दुसरा जिवाणूही कधी कधी तसाच दिसतो. मग युरिया घातलेल्या नळीत तो वाढवून बघायचा: प्रोटियस ती काही तासांत गुलाबी करतो, साल्मोनेला करत नाही. बाकीच्या चाचण्यांना आणखी एक रात्र. शेवटी काचेवर अँटिसीराच्या (ठरावीक जिवाणूलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या) थेंबात कॉलनी घोळली आणि दाणे धरले, की मगच नाव लिहायचं. जुलाब करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूला तर ४२ अंश तापमान, कमी ऑक्सिजन आणि साधारण ४८ तास लागतात.

पीसीआर वेगवान आहे, हे मान्यच. पण तो जीन शोधतो. जिवाणू जिवंत आहे की मेलेला, ते सांगत नाही. कोणतं औषध लागू पडेल हे प्लेटवर औषधाच्या चकत्या (डिस्क) ठेवून बघायचं, तर हाताशी वाढलेला जिवाणूच हवा.

आणि सॅम्पल ‘कधीही’ चालत नाही. शिगेला हा आव पाडणारा जिवाणू शौचात लवकर मरतो. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी सॅम्पल घ्या, रक्त किंवा आव असलेला भाग निवडा आणि दोन तासांत लॅबला पोहोचवा. उशीर होणार असेल तर लॅबकडून आधीच कॅरी-ब्लेअरची (जिवाणू टिकवून ठेवणाऱ्या माध्यमाची) बाटली मागून घ्या.