वायर धरणे

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये स्टेजच्या डाव्या भिंतीतून एक वायर बाहेर आलीये. हातभर लांब, टोकाला निळं डोकं (व्हीजीए म्हणतात त्याला), डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानासारखे दोन स्क्रू. दुसरं टोक थेट छताला टांगलेल्या प्रोजेक्टरला, आणि मधे काय आहे ते फक्त २०१६ साली काम करून गेलेल्या इलेक्ट्रिशियनला माहिती, कारण वरून प्लॅस्टर झालं, पीओपी झालं, पिस्ता कलर झाला आणि तो इलेक्ट्रिशियन आता फोन उचलत नाही.

गणपतीत पाचव्या दिवशी आमच्याकडे ज्येष्ठांचा सत्कार असतो. यंदा सेक्रेटरीकाकांच्या डोक्यात आलं की सत्काराआधी सोसायटीचे जुने फोटो पडद्यावर दाखवायचे, मागे गाणी लावायची, लोकांच्या डोळ्यात पाणी वगैरे. "तू आयटीत आहेस ना, मग ते तुझ्याकडे." मी आयटीत म्हणजे पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो, पण सोसायटीच्या हिशोबाने गीझर सोडून प्लगला जे जे लागतं ते सगळं आयटी. हो म्हणालो. फोटो स्कॅन केले, क्रम लावला, कुणाचं कुणाशी सध्या बोलणं बंद आहे ते बायकोला विचारून त्यांचे फोटो लागोपाठ येणार नाहीत अशी काळजी घेतली, आणि तीन दिवस आधी लॅपटॉप काखेत मारून हॉलवर गेलो.

लॅपटॉप नवा. इतका पातळ की शेजारी ठेवलेला खाकरा भाकरीसारखा वाटावा. त्याला टाइप-सीची दोन भोकं आणि हेडफोनचं एक, बस. मी एकदा लॅपटॉपकडे बघितलं, एकदा निळ्या डोक्याकडे. पणजोबांना पणतूच्या मोबाईलवर रील दाखवायला बसवल्यासारखं वाटलं.

घरी येऊन वायरींचा डबा काढला. हा मुळात फराळाचा पत्र्याचा डबा. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको तो दारात आणून ठेवते आणि मी परत माळ्यावर टाकतो. त्यात प्रिंटरची चौकोनी तोंडाची वायर, पिवळी-लाल-पांढरी तीन पिनांची वायर, बारीक पिनेचा नोकियाचा चार्जर, सगळं एकमेकांना असं घट्ट धरून बसलेलं असतं की एक ओढली की अख्खा गोतावळा बाहेर येतो. "बघ, आज लागलाच ना," असं मी डब्याकडे बघत जरा मोठ्यानेच म्हटलं. स्वयंपाकघरातून काही उत्तर आलं नाही, म्हणजे तिला ऐकू गेलं होतं.

डब्यातून हाताला लागलं ते असं: टाइप-सीचं एचडीएमआय करणारा डोंगल, एचडीएमआयचं डीव्हीआय करणारा तुकडा आणि जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यात आलेला डीव्हीआयचं व्हीजीए करणारा ठोकळा (ही सगळी पडद्याला चित्र नेणाऱ्या वायरींच्या तोंडांची नावं). एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. कागदावर एकदम बरोबर. हॉलमध्ये मात्र तिसरा दुसऱ्यात जाईना.

इथे जरा थांबून सांगतो, कारण यात माझे दीड तास गेलेत. हे डीव्हीआय १९९९ सालचं. तेव्हा जग अ‍ॅनालॉगकडून (चित्र म्हणजे कमीजास्त होणारी वीज) डिजिटलकडे (चित्र म्हणजे आकडे) निघालं होतं, पण मनाची तयारी नव्हती, म्हणून त्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवला. एका जातीच्या डीव्हीआयमधे डिजिटल आणि अ‍ॅनालॉग दोन्ही, दुसऱ्या जातीत नुसतं डिजिटल. अ‍ॅनालॉगवाल्याला एका कडेला आडवी पट्टी आणि तिच्याभोवती चार जादा पिना. माझा दुसरा तुकडा नुसता डिजिटल, त्याला त्या चार पिनांसाठी भोकंच नाहीत. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा सातवीतला पोरगा तिथे घुटमळत होता, तो म्हणाला, "काका, चारच तर आहेत, तोडून टाका ना."

आणि मी तोडल्या हो. पकडीने, एकेक करून, चाळीशी ओलांडलेल्या माणसाने सातवीतल्या पोराचं ऐकून. ठोकळा गुळगुळीत आत बसला. दोघं पडद्याकडे बघत उभे. काळा. मग घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की लाल, हिरवा, निळा आणि चित्राची ओळ कुठे सुरू होते तो इशारा, हे नेमके त्याच चार पिनांवरून जातात. दार लागत नाही म्हणून मी घरच्यांनाच घराबाहेर काढलं होतं. शिवाय पिना ठेवल्या असत्या तरी उपयोग शून्य, कारण तो ठोकळा काहीच बदलत नाही, नुसता आकार बदलून देतो. व्हीजीएला लागतं अ‍ॅनालॉग, आणि डिजिटलचं अ‍ॅनालॉग करायला मधे चिप लागते.

ही दिशांची भानगड पण मला त्याच रात्री कळली. डिस्प्लेपोर्ट नावाचं आणखी एक तोंड असतं, त्यावरून एचडीएमआयला बऱ्याचदा साध्या स्वस्त तुकड्याने जाता येतं, पण एचडीएमआयवरून डिस्प्लेपोर्टला त्याच तुकड्याने यायचं म्हटलं तर नाही. पुण्याच्या वन-वे लक्ष्मी रोडला घातलेली गाडी, आता वळवून दाखवा.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली. पुण्यात ज्याला वायर मिळत नाही त्याला शेवटी तिथेच जावं लागतं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "मेल पाहिजे का फिमेल?" मी म्हटलं, इकडून एचडीएमआय, तिकडून व्हीजीए. "ते कळलं हो. मेल का फिमेल?" मागे दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. मी हाताची बोटं एकमेकांत घालून दाखवायला लागलो, मग लाज वाटून हात खिशात घातले आणि मोबाईलमधला निळ्या डोक्याचा फोटो पुढे केला.

"चिपवाला देऊ का बिनचिपाचा?"

"बिनचिपाचा चालतो का?"

"नाही."

"मग विकता कशाला?"

"लोक मागतात."

चिपवाला साडेतीनशे. पैसे घेताना म्हणाला, "व्हीजीए अजून वापरता? ते कधीच गेलं." आणि खरंच आहे ते. आयबीएमने १९८७ साली पीएस-टू कॉम्प्युटरबरोबर आणलं, १५ पिना, पाच-पाचच्या तीन ओळी. एचडीएमआय २००२ चं, टाइप-सी २०१४ चं, म्हणजे दोघंही त्याच्यासमोर लहानाचे मोठे झाले. २०१० च्या डिसेंबरात इंटेल, एएमडी आणि त्यांच्याबरोबर डेल, लेनोवो, सॅमसंग, एलजी अशा मोठमोठ्या मंडळींनी जाहीर करून टाकलं होतं की २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करायचं. आता हिशोब करा. तिकडे २०१५ ला तेराव्याची तारीख ठरलेली, आणि इकडे २०१६ ला आम्ही घरटी चार हजार वर्गणी काढून त्याला भिंतीत घालून वर पिस्ता कलर मारला.

संध्याकाळी परत हॉल. डोंगल, त्याला चिपवाला, त्याला भिंतीतली निळी वायर. आधी त्या निळ्या डोक्यावर माझा पिना तोडलेला ठोकळा अजून बसलेला होता तो काढायचा होता. डावा स्क्रू फिरला. उजवा फिरवला तर स्क्रूबरोबर समोरचा नटच सुटून आला, आणि आता तो नट स्क्रूला असा चिकटलाय की दोघांना वेगळं करता येत नाही. हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. शेवटी पकडीने ओढताना एक पीन वाकली. दुसऱ्या नंबरची. संपलेल्या रिफिलचं टोक तिच्यावर बसवून मी ती श्वास रोखून सरळ केली. झाली सरळ, पण पडायला आलेल्या दातासारखी जरा हलायला लागली.

लावलं. पडद्यावर निळी पाटी: सिग्नल आउट ऑफ रेंज. त्याचं काय असतं, पडदा किंवा प्रोजेक्टर बारा आणि पंधरा नंबरच्या पिनांवरून आपला बायोडेटा कॉम्प्युटरला पाठवतो, मला इतकं इतकं झेपतं म्हणून. आमच्या भिंतीतल्या वायरीत त्या बहुतेक कुठेतरी मेल्या असाव्यात, त्यामुळे बायोडेटा मधेच अडकला आणि लॅपटॉपने आपल्या मनाने भारीतलं स्थळ समजून फुल एचडी पाठवलं. मी चित्राचा आकार हाताने कमी करून १०२४ बाय ७६८ केला आणि काय सांगू, भिंतीवर माझा डेस्कटॉप आला! पोरग्याने टाळ्या वाजवल्या. मी त्याला वडापाव दिला.

कार्यक्रमाचा दिवस. हॉल फुल्ल, समोरच्या खुर्च्यांवर सत्कारमूर्ती, शाली तयार. आवाज हा विषय मी पूर्ण विसरलो होतो. व्हीजीएतून आवाज जातच नाही. चिपवाल्याला कडेला आवाजाचं एक भोक आहे, पण मंडळाचा मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच्या वायरीचं तोंड आणखी वेगळंच, ते बघूनच मला कसंतरी झालं. शेवटी लॅपटॉपच्या स्पीकरसमोर माईकचा स्टँड वाकवून ठेवला. गाण्याबरोबर माझ्या टायपिंगचा आवाज आणि "चार्जर कुठे गेला" हेही मंगलमय वातावरणात सगळ्यांनी ऐकलं.

पहिले सहा फोटो छान गेले. सातव्याला अख्खा पडदा गुलाबी. दोन नंबरची पीन म्हणजे हिरव्या रंगाची, ती सुटली की उरतात लाल आणि निळा, आणि त्यांचा होतो अगदी मिरवणुकीतला गुलाल. १९९८ ची ट्रिप गुलालात, भूमिपूजन गुलालात, कुणाची तरी मुंज गुलालात. पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "ही विसर्जनाची कुठल्या वर्षीची गं? मी तर कधी गुलालात गेले नव्हते."

मी धावलो, निळं डोकं जरा वर उचललं, रंग आले. सोडलं, गुलाल. उचललं, रंग. पण मी तिथे उभा राहिलो तर लॅपटॉपवर कोण? तेव्हा तो सातवीतला आला, स्टेजच्या कडेला मांडी घातली, दोन बोटात ते डोकं धरलं, थोडं डावीकडे, थोडं वर, आणि गप्प बसला. तब्बल चाळीस मिनिटं. मधे त्याची आई मोदक घेऊन आली तर त्याने नुसतं तोंड उघडलं, हात हलवला नाही. एकदाच गुलाल झाला, त्याला शिंक आली तेव्हा.

शेवटी आभारप्रदर्शन. सेक्रेटरीकाकांनी मांडववाले, केटरर, लाइटवाले सगळ्यांचे आभार मानले, मग म्हणाले, "आणि विशेष उल्लेख, वायर धरणे..." आणि त्या पोराचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. टाळ्यांचा कडकडाट. त्याला स्टेजवर बोलावून श्रीफळ दिलं. तो उठला तसा मागे पडदा पुन्हा गुलाबी झाला आणि त्याच्यावर तो कसा शोभून दिसला. काका माईकवरच पुढे म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून पडद्याचं सगळं हाच बघेल." म्हणजे श्रीफळ त्याला आणि नारळ मला.

घरी आलो. बायको काही बोलली नाही, फक्त डबा पुढे सरकवला. डोंगल आत टाकला, चिपवाला टाकला. चार पिना तोडलेला तो ठोकळा हातात धरून मी जरा उभा राहिलो.

"तो तरी टाक आता," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं आणि झाकण लावलं.