पाणी फक्त राख विझवण्यासाठी नसतं

एका लेखात म्हटलंय की गॅस प्रोड्यूसरच्या (कोळसा अर्धवट जाळून जळाऊ गॅस बनवणाऱ्या भट्टीच्या) तळाशी पाण्याची कुंडी राख थंड करायला असते. ते दुय्यम काम. मुख्य काम गॅस अडवण्याचं. 1861 च्या सुमाराच्या सीमेन्स प्रोड्यूसरमध्ये तिरकी जाळी होती. खंगर (राख वितळून झालेले कडक गोळे) पहारीने फोडून काढावे लागत आणि तेवढा वेळ जाळीतून हवा कशीही आत शिरून गॅसची प्रत घसरे. पुढच्या रचनांत भट्टीचं कवच खाली पाण्यात बुडवलं. आतून झोताचा (आत फुंकलेल्या हवा-वाफेचा) दाब, बाहेर पाण्याचा स्तंभ. झोत 100 मिमी पाण्याइतका असेल तर कवचाची कड त्याहून बरीच खोल बुडलेली हवी, नाहीतर दाब थोडा वाढला की गॅस बुडबुडत बाहेर. विषारी कार्बन मोनॉक्साइड, हे विसरू नका! पाण्याचं हे सील नीट असेल तर भट्टी चालू ठेवून फावड्याने ओली राख ओढता येते.

त्यापुढची पायरी केर्पेली या अभियंत्याची फिरती जाळी: जाळी केंद्रापासून जरा सरकवलेली, त्यामुळे फिरताना खंगर भिंतीशी चिरडले जातात. कुंडीही सोबत फिरते आणि स्थिर पातं राख बाहेर लोटतं. वेग अगदी मंद. घाई केली तर न जळलेला कोळसाच राखेत जातो, राखेचा थर पातळ होतो आणि आग जाळीवर उतरून ती जळते. उलट राख साचू दिली तर आगीचा पट्टा वर चढतो, गॅस तापतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो.

आणि खंगर मुळात कमी करायचे असतील तर यंत्राआधी झोतातली वाफ तपासा.