पुरी-भाजीची लाज

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच फोटो गाजतोय. स्वित्झर्लंडमधलं तळं, काठाला टूर कंपनीची बस, आणि बसच्या सावलीत कागदी द्रोणांतून पुरी-भाजी खाणारी पंधरा-वीस मराठी मंडळी. टाकला माझ्या पुण्याच्या मामेभावाने. खाली ओळ : 'जगाच्या पाठीवर कुठेही न्या, हे पुरी-भाजीच खाणार. लाज वाटते.' त्यावर अंगठे, टाळ्या. मावशीने बिचारीने विचारलं, 'शाकाहारी माणसाने तिकडे उपाशी राहायचं का?' तर उत्तर आलं, 'सॅलड मिळतं की.' मग सगळ्यांचा मोर्चा माझ्याकडे : तू सांग रे, तू तिकडेच असतोस.

सांगतो. नऊ वर्षं जर्मनीत काढल्यावर मला पुरी-भाजीची लाज वाटत नाही, 'सॅलड मिळतं की'ची वाटते.

सत्तरीची बाई, जन्मात पहिल्यांदा विमानात बसलेली. दिवसाचे सहा तास बस, गोळ्यांच्या वेळा, अनोळखी संडास. तिला दुपारी पोटात ओळखीचं काही हवं असेल तर स्वित्झर्लंडचं काय बिघडलं? मायोर्काला जाऊन या एकदा. बेट स्पेनचं, पण जर्मन लोक तिथे इतके लोटतात की गमतीने त्याला आपलं सतरावं राज्य म्हणतात. किनाऱ्यावर श्नित्सेल, जर्मन बिअर, फिल्टर कॉफी. माझा एक सहकारी दर वर्षी जातो. त्याला स्पॅनिशचे दोन शब्द येतात, त्यातला एक बिअरचा. त्याला कुणी लाज वाटून घ्यायला सांगत नाही. आणि आपल्या गोव्यात मोरजीला रशियन भाषेतली मेनूकार्डं कुणासाठी छापतात? (सोयीची उदाहरणं निवडतोय, कबूल. मामेभावानेही एकच फोटो निवडला.)

हाच मामेभाऊ गेल्या वर्षी चार दिवस व्हिएतनामला गेला होता. हनोईत अंड्याची कॉफी प्यायला आणि रील टाकलं, 'लिव्ह लाइक अ लोकल.' चार दिवसांत! मी राहतो त्या गावचा साधा चहा कळायला मला दोन वर्षं लागली.

माझं गाव आऊरिख. ऑस्टफ्रीजलंड, म्हणजे उत्तर समुद्राकाठचा तव्यासारखा सपाट मुलूख. पवनचक्क्यांच्या कामासाठी आलो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघत मोठ्या झालेल्या साताऱ्याच्या पोराला त्यात नवल नव्हतं, नवल चहाचं होतं. कॉफीवाल्या देशातला हा कोपरा माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितो, बाकी जर्मनीच्या दहापट. १७७० च्या दशकात प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने यांचा चहा सोडवायचा प्रयत्न केला, यांनी दाद दिली नाही. २०१६ मध्ये युनेस्कोच्या जर्मन आयोगाने ही रीत देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली.

ती रीत मी पहिल्यांदा घरमालकीणबाईंकडे पाहिली. गुलाबाची नक्षी असलेला चिनी मातीचा इवलासा कप. तळाशी क्लुंट्ये, म्हणजे खडीसाखरेचा टपोरा खडा. वरून कडक चहा ओतला की खडा तडकतो, बारीक तडतड ऐकू येते, आणि ती ऐकायला सगळे गप्प होतात. मग छोट्या पळीने साय कपाच्या कडेने सोडायची, घड्याळाच्या उलट्या दिशेने. ती बुडते आणि ढगासारखी वर येते. तिचं नावच 'वुल्क्ये', छोटा ढग. आता ढवळायचं नाही. आधी सायीचा घोट, मग कडू, शेवटी तळाचं गोड.

मी चमचा घातला आणि व्यवस्थित ढवळला. कुणी काही बोललं नाही. अशी शांतता मी याआधी एकदाच ऐकली होती, आजोळच्या पंगतीत, वदनी कवळ व्हायच्या आधी घास घेतला तेव्हा.

चमचा ठेवलेला असतो तो वेगळ्याच कामासाठी. तीन कप घ्यायचेच, आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. नाही ठेवला तर ओतत राहतात. हे माहीत नसल्याने त्या दिवशी मी सहा कप प्यालो.

चहा बहुतांशी आसामचा असतो हे कळल्यावर एकदा मी बाईंना ऐटीत म्हणालो, 'हा तर आमच्याकडचा!' त्या शांतपणे म्हणाल्या, 'पानं तिकडची असतील. चहा इथला. मिश्रण इथे झालं तरच त्याला अस्सल म्हणतात.' मला राग आला. वास्तविक आसाम मी पाहिलेलाही नाही. गुवाहाटीच्या माणसाला मी 'आमच्याकडचा' वाटेन का, कोण जाणे.

गेल्या दिवाळीत साताऱ्याला जाताना चहाचा पुडा, खडीसाखर आणि चार कप कपड्यांत गुंडाळून नेले. सगळ्यांना समोर बसवलं. बाबांनी चमचा उचलला तसा मी ओरडलो, 'ढवळू नका!' बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून स्वतःचा चहा त्यांना ढवळता येईना. आईने एक घोट घेतला, म्हणाली, 'बेचव आहे रे.' उरलेलं सगळं पातेल्यात ओतून गॅसवर चढवलं, आलं ठेचून घातलं, दोन उकळ्या काढल्या. सगळे मिटक्या मारत प्याले. मला तो घशाखाली जाईना इतका गोड लागला आणि मी तसं म्हणालोही. काकू हसली. 'साहेबाला आता आपला चहा चालत नाही.'

इथे आऊरिखला ऑफिसात नवीन माणसाशी ओळख करून देताना म्हणतात, 'हा आमचा भारतीय. हा ढवळत नाही.' कौतुकानेच म्हणतात. नऊ वर्षं झाली तरी म्हणतात.

ग्रुपवर मामेभाऊ अजून उत्तराची वाट बघतोय. रविवार, बाहेर सगळं बंद, पाऊस आडवा. मी फोटो पुन्हा उघडला. डावीकडून तिसऱ्या बाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा आहे, झाकण अर्धं उघडं. मोठं करून करून पाहिलं. आत काहीतरी पिवळसर आहे. लिंबाचं लोणचं असावं, उपासाचं.