घरात कोण आजारी आहे?

मे महिन्यात जळगावचा पारा 44 ला टेकला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझा चहा तोडला. निमित्त आम्लपित्ताचं. खरं तर आदल्या रात्री मी तर्रीदार शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि वर ठेचा असा बेत चेपला होता. पण चौकशीत शेवभाजी निर्दोष सुटली आणि दिवसाचे सात कप चहा आत गेला. "हर्बल टी घ्या," एवढं सांगून डॉक्टरांनी स्वतःसाठी कटिंग मागवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकलं की मी बायकोशी तीन विषयांवर भांडलो. सवयीचं कॅफिन एकदम तुटलं की दोन-चार दिवस डोकं धरतं, हे मागाहून समजलं. तोवर भांडण चौथ्या विषयावर गेलं होतं.

पुण्याच्या लेकीनं कुरियरनं डबे धाडले. पहिला उघडला तर आत गवती चहा! आमच्या मोरीच्या पाण्यावर कमरेएवढं माजलेलं तेच रान, वाळवून, कातरून, चकचकीत डब्यात. आईनं किंमत वाचली, मोरीकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तुळशीचा प्रयोगही तिच्याच हद्दीत यायचा. सूर्यास्तानंतर पान तोडायचं नाही, एकादशी-द्वादशीला तर नाहीच नाही. माझा चहा पंचांग बघून व्हायला लागला.

पण एक कबूल करतो, सवय लागली. गवती चहा उकळत्या पाण्यात टाकून पाच-सात मिनिटं झाकून ठेवायचा. झाकण विसरलात तर त्यातलं वासाचं तेल वाफेबरोबर उडतं आणि फायदा शेजाऱ्याला होतो. रात्री जेवण झाल्यावर तो कप घेऊन गच्चीवर जायचं. अंथरुणं पसरलेली, फरशी अजून तव्यासारखी. गरम घोट घेतला की कपाळावर घाम फुटतो, आमच्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो आणि वाळता वाळता गार करून जातो. त्यात कॅफिन नसल्यामुळे झोपही लागते. (ग्रीन टीच्या भरवशावर राहू नका, तो चहाच्याच झाडाचा, त्याच्यापायी मी एक रात्र तारे मोजलेत.)

खरी परीक्षा दुसऱ्यांच्या घरी. आमच्या खान्देशात "चहा नको" म्हणणं म्हणजे सोयरीक मोडणं. यजमान लगेच मनात हिशेब मांडतो: लग्नात याचा टॉवेल-टोपीचा मान राहिला होता का? बांधावरून काही झालं होतं का? "आम्लपित्त आहे" म्हटलं तर "मग अर्धाच घ्या" असा तोडगा निघतो आणि अर्धा म्हणून कपबशी काठोकाठ भरून येते. माझ्यासाठी वेगळं गरम पाणी मागितलं तर माजघरातून कुजबूज ऐकू येते, "पाव्हण्यांना काही मोठं दुखणं आहे का?"

परवा पारोळ्याहून नाना आले. मी हौसेनं पुढे केला लालबुंद हिबिस्कस टी. नानांनी कप उजेडाकडे धरला.

"हाई काय शे? घरमा कोण बिमार शे?"

"कोणी नाही नाना. चहा आहे."

"यामा दूध नही का?"

मी हो-नाही म्हणेपर्यंत नानांनी टेबलावरची दुधाची वाटी कपात रिकामी केली. डोळ्यांदेखत सगळं फाटलं. गुलाबी पाण्यावर गाठी तरंगू लागल्या. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

"नाना, ते आंबट असतं, दूध नासणारच," मी समजावू लागलो. "ही देवाला वाहायची जास्वंद नाही. डब्यावर हिबिस्कस लिहिलंय, पण आत लाल अंबाडीची बोंडं आहेत."

नानांचा चेहरा एकदम उजळला. कप खाली ठेवून त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"अंबाडी शे? मंग लसूणनी फोडणी कोठे शे?"