‘पाय मोजायचे पैसे घेतात’ : एका स्टारच्या अभिप्रायाला सेंटरचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी: आईंच्या दोन्ही बाजूंचं स्तनांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून केमोची लाइन, म्हणजे औषधासाठी शिरेत ठेवायची लांब नळी, हातातून नको, पायातून टाका असं ठरलं आणि तुम्ही त्यांना आमच्याकडे आणलंत. चिठ्ठीवर 6 फ्रेंच जाडीची, दोन तोंडांची लाइन लिहिलेली होती. आम्ही दोन्ही पायांची सोनोग्राफी केली, तिचे वेगळे पैसे लावले आणि शेवटी टाकली 4 फ्रेंचची, एका तोंडाची नळी. तीही जांघेत न टाकता मांडीच्या मधोमध. आता औषध हळू जातं. शिवाय सोनोग्राफीचं मशीन घरी आणायला आम्ही नकार दिला, आईंना जिना चढवावा लागला आणि पार्किंगचीही अडचण झाली. ‘पाय मोजायचे पैसे घेतात, निव्वळ धंदा मांडलाय,’ हे तुमचे शब्द.

आईंच्या आजाराबद्दल तुम्ही स्वतः जेवढं जाहीर लिहिलंत, त्यापलीकडे मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. खाली जे आकडे येतील ते हिशोब कळावा म्हणून घेतलेत, आईंचे नाहीत. त्यांची मापं फोटोंसकट तुमच्या फाइलमधल्या रिपोर्टात आहेत.

पैशांचं आधी सांगतो, ते दोन ओळींत संपतं. बिलात सोनोग्राफी वेगळी दिसते कारण मेडिक्लेमवाले तशी फोड मागतात. आणि मोजल्यावर शीर योग्य नाही असं दिसलं तर आम्ही लाइन टाकत नाही, तेव्हा फक्त सोनोग्राफीचेच पैसे घेतो. दरांचा फलक काउंटरमागे गुजराती आणि मराठीत लावलेला आहे.

आता मोजण्याचं. ‘सोनोग्राफीत बघून तर सगळेच टाकतात, मोजायचं कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. बघून टाकणं आणि मोजून टाकणं ही दोन वेगळी कामं आहेत. बघितल्यामुळे सुई धमनीत जात नाही, म्हणजे त्या दिवसाचा धोका टळतो. मोजायचं ते पुढच्या आठवड्यांसाठी, नळी आत असेपर्यंत शेजारून रक्त वाहतं राहावं म्हणून.

नळीच्या जाडीचं माप फ्रेंचमध्ये असतं. त्याला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात. 6 फ्रेंच म्हणजे 2 मिलिमीटर, 4 फ्रेंच म्हणजे साधारण 1.3. समजा शीर आतून 6 मिलिमीटर आहे. 6 फ्रेंचची नळी तिच्या व्यासाचा तिसरा हिस्सा अडवेल, काही बिघडत नाही. पण तीच शीर 4 मिलिमीटरची निघाली तर निम्मा व्यास नळीनेच भरला. उरलेल्या फटीतून रक्ताला जायचंय, तेही एका बाजूला शिरेची भिंत आणि दुसऱ्या बाजूला नळी घासत. अरुंद गल्लीतून हातगाडी नेताना दोन्हीकडे भिंती लागाव्यात तसं. रक्त मंदावलं की गुठळी व्हायला वेळ लागत नाही.

नळी शिरेच्या व्यासाच्या 45 टक्क्यांहून जाड नको, हा आकडा आमच्या मनचा नाही. अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीच्या (शिरेतून औषध देणाऱ्या नर्सेसची संस्था) 2016 च्या मानकांत तो आला आणि 2021 च्या आवृत्तीत कायम राहिला. त्यामागचा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, आणि तो दंडातल्या लाइनींवरचा आहे, पायांतल्या नव्हे, हेही सांगून टाकतो. तरीही आम्ही पायाला तोच नियम लावतो. पायात सैल नियम लावायला मला एकही कारण दिसत नाही, उलट कडक लावायला दिसतं. पायातली गुठळी सुटली तर फुफ्फुसात जाऊन बसते. प्रौढ माणसांत मांडीतली लाइन शक्यतो टाळा, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2011 च्या सूचना सांगतात. म्हणजे आपण आधीच नाइलाजाच्या वाटेवर आहोत. छातीतली मोठी शीर बंद असेल किंवा दोन्ही हात वापरता येत नसतील, तेव्हाच आम्ही पायाकडे वळतो.

गुठळी होण्याची तीन कारणं वैद्यकीत रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने शिकवतात: रक्त मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं. कर्करोगात तिसरं कारण घरूनच येतं. दुसरं आमची सुई थोडंफार करतेच. आमच्या हातात राहतं ते पहिलं. त्यासाठी आधी माप घ्यावं लागतं.

ते माप कसं घेतो हे तुम्ही पडद्यापलीकडून ऐकलंत, पाहिलं नाहीत, म्हणून लिहितो. पेशंटला सरळ निजवायचं, गुडघा किंचित बाहेर वळवायचा. जेल सढळ घालायचं, आणि प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, त्या जेलवर नुसता टेकवायचा. हात जरा जड पडला तरी शीर चपटी होते आणि माप खोटं येतं. स्क्रीनवर दोन काळी वर्तुळं दिसतात. एक ठोक्यागणिक उडतं, ती धमनी. दुसरं शांत, ती शीर. मग मुद्दाम दाबायचं. शीर पूर्ण मिटली पाहिजे. मिटत नसेल तर आत गुठळी असू शकते, आणि त्या पायात आम्ही सुई घालत नाही. जांघेपासून गुडघ्याच्या दिशेने थोडं थोडं सरकत हेच पुन्हा पुन्हा. जिथे टोचायचं तिथे दाब काढून चित्र थांबवायचं आणि आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं. दंडात करकचून पट्टा बांधून शीर फुगवतात तसं फुगवून मोजायचं नसतं. घरी गेल्यावर नळीभोवती शीर तेवढी फुगलेली राहणार नसते. आणि दोन्ही पाय बघायचे ते चांगला कोणता हे ठरवायला.

उलटी-जुलाब होऊन शरीर कोरडं पडलेलं असलं की शीर बारीक दिसते. अशा वेळी परवानगी असेल तर आम्ही पेशंटला पाणी पाजून, थोडं थांबून पुन्हा बघतो. ‘तासभर नुसतं बसवून ठेवलं’ अशी तक्रार बऱ्याचदा त्याचीच असते.

मांडीच्या मधोमध का? जांघेत घाम असतो, लघवीचा ओलावा असतो, आणि पाय दुमडला की तिथली पट्टी सुटते. नळी बाहेर पडते ती जागा खाली, कोरड्या आणि सपाट कातडीवर आणली तर संसर्गाची भीती कमी होते आणि पेशंटला बसता-उठता येतं. पण जांघेत शीर धमनीच्या आतल्या बाजूला असते, खाली उतरत जाते तशी धमनीच्या मागे सरकते. बोटाने ठोका चाचपून तिथे टोचणं हा जुगार आहे. सोनोग्राफीशिवाय मांडीतली लाइन आम्ही टाकतच नाही. तुम्ही म्हणता ती ‘दहा मिनिटांत’वाली लाइन कॅज्युअल्टीत, जीव वाचवायच्या घाईत, जांघेत टाकतात आणि ते बरोबरच आहे. ती लवकरात लवकर काढतातही. तुमच्या आईंची लाइन कित्येक आठवडे राहायची आहे.

चिठ्ठीतली नळी आम्ही परस्पर बदलली हा आरोप मात्र मला मान्य नाही. माप हाती आल्यावर तुमच्या केमोच्या डॉक्टरांना फोन केला, एक तोंड पुरेल का विचारलं, त्यांनी होकार दिल्यावर केसपेपरवर वेळेसकट नोंद केली. बदल लिहिलेलं गुजराती संमतीपत्र तुमच्या बहिणीने वाचून सही केलंय. दोन तोंडं लागतात ती एकमेकांना न चालणारी औषधं एकाच वेळी द्यायची असतील तेव्हा. नाहीतर जास्तीचं तोंड म्हणजे जंतूंना आणखी एक दार. शिवाय दोन तोंडांच्या नळीला आतून मधे पडदा असतो. बाहेरून जाड दिसली तरी औषधाची वाट त्यात विभागलेलीच असते.

औषध हळू जातंय याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. आधी नळीवरचा क्लॅम्प (चिमटा) पूर्ण उघडा आहे ना, नळीला कुठे मुरड पडली नाही ना, बाटली पुरेशी उंच टांगली आहे ना, हे बघा. आई पाय दुमडून बसत असतील तर पाय सरळ करून बघा. तरीही हळूच असेल तर घेऊन या. घरी येणाऱ्या सिस्टरना सांगा, लाइन फ्लश करायला, म्हणजे आतून धुवायला, 10 मिलिलिटरचीच सिरिंज वापरा. छोट्या सिरिंजने दाब जास्त पडतो आणि नळी फाटू शकते. अडलं तर जोर लावायचा नाही.

मशीन घरी का आणत नाही? गर्भलिंगनिदानाविरुद्धचा 1994 चा कायदा. सोनोग्राफी मशीनची नोंदणी जागेसकट होते, आणि 2012 पासून पोर्टेबल मशीनचे नियम आणखी कडक आहेत. आम्हाला पायच बघायचा असला तरी मशीन बॅगेत घालून कारेलीबागेत फिरता येत नाही. जिना चढवायचा त्रास होतो हे खरं आहे, म्हणून खाली व्हीलचेअर आणि दोन माणसं असतात. आधी फोन केलात तर ती दारात उभी राहतील.

राहिलं पार्किंग. दांडिया बाजारात त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

ड्रेसिंग सात दिवसांनी बदलायचं, त्याआधी ओलं झालं किंवा सुटलं तर त्याच दिवशी. लाइनच्या पायाला सूज आली, मांडी किंवा पोटरी दुखायला लागली तर त्याच दिवशी दाखवा. ताप थंडी वाजून आला किंवा अचानक दम लागला तर आमच्याकडे येत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि पायात लाइन आहे हे पहिल्यांदा सांगा.

रिपोर्टातलं माप आणि नळीचं माप शेजारी ठेवून बघायचं असेल तर फाइल घेऊन या. संध्याकाळी पाचनंतर मी सेंटरवर असतो, त्याचे पैसे नाहीत.

– डॉक्टर व संचालक, दांडिया बाजार, बडोदा