डोंगरावरच्या घरात पटिंग ग्रीन करताय? खाली काँक्रीट ओतू नका

पाचगणी-महाबळेश्वरकडे दुसरं घर बांधणाऱ्या माझ्या ओळखीच्या मंडळींमध्ये अंगणात छोटंसं पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलक्या फटक्याने भोकात घालायचा सराव करायची गुळगुळीत हिरवळ, करून घ्यायची हौस वाढते आहे. हौसेला माझा अजिबात विरोध नाही. मी गोल्फ खेळते, पटिंगवर माझा जीव आहे, आणि आमच्या भिलारजवळच्या घरामागेही असं ग्रीन आहे. पण ते ज्या पद्धतीने घातलं जातंय त्याबद्दल मला आता मोठ्याने बोलावंसं वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते: या डोंगरावर ग्रीन करायचं तर ते कृत्रिमच करा. खऱ्या ग्रीनचं गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटरवर राखावं लागतं, म्हणजे जवळजवळ रोज कापणी. पावसाळ्यात सततच्या धुक्यात त्याला बुरशी लागते, मग फवारणी आली, आणि ते औषध उतारावरून खालच्या झऱ्यांत जातं. एप्रिल-मेमध्ये जिथे घरी टँकर मागवावा लागतो, तिथे गवताच्या लाडासाठी पाणी ओतणं मला पटत नाही.

आता खरा मुद्दा. शहरातले बरेच ठेकेदार गच्चीवर आणि सपाट लॉनवर काम करून सरावलेले असतात. ते इथेही येऊन आधी काँक्रीटचा स्लॅब टाकतात आणि वर गवताचा गालिचा चिकटवतात. काम झटपट होतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत दिसतो, घरमालक खूश. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पूर्वी इथे पावसाआधी घरांच्या भिंतीसुद्धा गवत बांधून झाकत असत, एवढा तो झोडपतो. जुलै २०२१ मध्ये तर चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पडला. त्याच पावसात घाटाखाली महाडजवळ तळिये गाव दरडीखाली गेलं.

एवढं पाणी स्लॅबवर पडलं की ते मुरत नाही. ते एका कडेला गोळा होऊन धारेने खाली उतरतं आणि नेमकं उताराची माती अडवणाऱ्या धारक भिंतीच्या मागे शिरतं. आमच्याच रस्त्यावरच्या एका बंगल्यात हे झालं. दगडी धारक भिंत आधी फुगली, मग पावसाळा संपायच्या आत ढासळली, आणि सगळी लाल माती खालच्या शेतकऱ्याच्या वाफ्यांत जाऊन बसली. ठेकेदार तोवर पैसे घेऊन मोकळा झाला होता. नुकसान सोसलं त्या शेतकऱ्याने, ज्याचा गोल्फशी काडीचाही संबंध नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

योग्य पद्धत अवघड नाही, फक्त मेहनतीची आहे. वरची माती काढायची आणि ती बागेत वापरायची. खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर चार-सहा इंच फोडलेली खडी थराथराने धुम्मस करून, आणि वर दगडाचा बारीक कच. हा पाया घट्ट बसतो आणि पाणीही जाऊ देतो. गालिच्याच्या पाठीला भोकं असतात, ती बंद होतील असं काही खाली लावायचं नाही. वरच्या बाजूने येणारं डोंगराचं पाणी ग्रीनपर्यंत पोहोचायच्या आधीच चर खणून वळवायचं. हा चर सगळ्यात महत्त्वाचा, आणि कोटेशनमध्ये नेमका तोच नसतो.

खेळाच्या दृष्टीनेही कचाचा पाया सरस आहे. त्याला हाताने आकार देता येतो. दोन टक्क्यांचा उतार पुरे, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर. एवढ्यानेही चेंडू छान वळतो. कपाचा, म्हणजे चेंडू जातो त्या भोकाचा, व्यास १०८ मिलिमीटर असतो, त्याच्या भोवतीची हातभर जागा मात्र जवळपास सपाट ठेवा, नाहीतर चेंडू थांबतच नाही. वाळू भरायच्या जातीचं गवत असेल तर वाळू ब्रशने नीट पसरून रोलर फिरवला की वेग वाढतो. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ साली ग्रीनचा वेग मोजायला एक साधी खाचेची पट्टी केली. तिच्यावरून सुटलेला चेंडू सपाटीवर दहा फुटांच्या आसपास गेला, तर घरच्या सरावाला ते उत्तम ग्रीन.

पावसाळ्यात शेवाळ धरतं. आमच्याकडे वर जांभळीची फांदी आहे, मे-जूनमध्ये जांभळं पडून डाग पडतात. दोन्हींना कडक ब्रश आणि पाणी पुरतं. फांदी तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

आणि आकार. पटिंगच्या सरावाला दहा बाय वीस फूट भरपूर होतात. अख्खं अंगण प्लास्टिकने मढवण्याचं काहीही कारण नाही. ते उन्हात चटके बसण्याइतकं तापतं, त्याचे तंतू झिजून पाण्याबरोबर वाहतात. म्हणून कडेच्या चरात जाळी हवीच, आणि जाळीवरचा गाळ उचलून कचऱ्यात टाकायचा. दहा-पंधरा वर्षांनी गालिचा बदलावा लागेल तेव्हा जुना खाली घेऊन जाण्याचा खर्च आजच धरा. दरीत लोटलेले गालिचे मी पाहिलेत.

जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, तर ग्रीन नकोच. आठ महिने तो ओसाड दिसतो, पण पावसाळा सरताना त्याच्यावर जी इवलीशी फुलं येतात त्यातली काही दुसरीकडे उगवत नाहीत. हा सगळा भाग जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. उतार तोडून सपाटी करायची असेल तर आधी परवानगीचं विचारा, आणि ठेकेदार 'कुणी बघत नाही' म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा.

काम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढा, जमिनीत ओल असते आणि पाया चांगला दबतो. पण जागा ठरवायला जुलैतच या. छत्री घेऊन तासभर अंगणात उभे राहा, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा, आणि खाली ज्याचं शेत आहे त्याच्याशी बोला. आगाऊ रक्कम त्यानंतर द्या.