आधी स्कोअर सांगा, मग वाजवा

फुटबॉल पाहायला डोळे लागतात हा एक गैरसमज आहे. मी निम्मे सामने कानांनी पाहत आलोय. टीव्ही पुढच्या खोलीत, मी आतल्या, हातात कुणीतरी सोपवलेलं काम. तरी मैदानावर काय चाललंय ते मला समजतं. गर्दीचा सूर हळूहळू चढायला लागला की चेंडू पेनल्टी बॉक्सकडे निघालाय. हजारो लोकांनी एकदम श्वास आत ओढला की फटका बसलाय. मग ‘ओऽऽह’ आलं तर चेंडू खांब चाटून गेला, शिट्ट्या आणि शिव्या आल्या तर पंचांनी पाहायचं ते पाहिलं नाही, आणि भिंती हादरल्या तर हातातलं काम टाकून पळायचं. रिप्ले सापडतोच. ऐन सामन्यात ज्याला माळ्यावरचं काहीतरी काढून द्यायला हाक येते, त्या माणसाला ही विद्या फार उपयोगी.

11 जून 2010 ला या विद्येचा बाजार उठला.

जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत वर्ल्ड कपची सलामी, दक्षिण आफ्रिका विरुद्ध मेक्सिको. टीव्ही लावला आणि आतून अखंड घूंऽऽऽ सुरू झालं. बाबांनी टीव्ही बंद करून पुन्हा लावला. मग मागची वायर काढली, फुंकली, परत खोचली. मग दोनदा थोपटून पाहिलं. (टीव्ही चपटे झाल्यापासून थोपटायला धड जागा उरली नाही, ही त्यांची जुनी तक्रार.) समालोचकाने खुलासा केला तेव्हा कुठे कळलं की सेट ठणठणीत आहे, बिघाड थेट मैदानातूनच येतोय आणि त्याचं नाव वुवुझेला, प्रेक्षक फुंकत होते ती प्लॅस्टिकची पुंगी.

सवयीप्रमाणे मला आतून हाक आली, मी गेलो. 55 व्या मिनिटाला सिफिवे त्शाबालालाने त्या वर्ल्ड कपचा पहिला गोल मारला. डाव्या पायाचा असा सणसणीत फटका की एक अख्खा देश नाचायला लागला. आतल्या खोलीत मला काय ऐकू आलं? घूंऽऽऽ. 79 व्या मिनिटाला मार्केसने मेक्सिकोची बरोबरी साधली. घूंऽऽऽ. थ्रो-इन, घूंऽऽऽ. कुणाच्या तरी पायात गोळा आला, घूंऽऽऽ. मी बाहेर आलो तेव्हा सामना 1-1 असा संपत आला होता आणि दोन्ही गोल माझ्या कानाशेजारून निघून गेले होते.

माझं त्या पुंगीशी भांडण आहे ते एवढ्यावरूनच. मोठा आवाज करते ही तक्रार नाही. ज्याला शांतता हवी त्याने बुद्धिबळ पाहावं. माझं म्हणणं इतकंच, की वाजवणाऱ्याने निदान सामना पाहत वाजवावं.

वाद्य म्हणून पाहिलं तर ती अगदीच निर्विकार. साधारण 65 सेंटिमीटर लांब प्लॅस्टिकची नळी, ना भोकं ना कळा, निघतो तो एकच सूर, 233 हर्ट्झच्या आसपासचा बी-फ्लॅट. मोजणाऱ्यांनी तिच्या तोंडापासून मीटरभरावर 120 डेसिबलपर्यंत आवाज मोजलाय. प्रत्येकाची फुंक थोडी वेगळी, त्यामुळे प्रत्येकीचा सूर केसभर इकडेतिकडे, आणि असे हजारो सूर एकमेकांवर घासले की उठलेल्या मोहोळाचा आवाज तयार होतो. आनंद, दुःख, संताप, सगळं त्याच सुरात. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. प्लॅस्टिकच्या पुंगीत तीही सोय नाही.

उपाय निघाले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या ध्वनितज्ज्ञांनी हा आवाज तेवढा गाळून टाकणारं सॉफ्टवेअर केलं. मीही इक्वलायझर (आवाजातले वेगवेगळे सूर कमीजास्त करायची सोय) घेऊन बसलो: 233 दाबा, त्याची दुप्पट 466 दाबा, मग त्याचीही दुप्पट. पुंगी थोडी दबली, पण माणसाच्या आवाजाचा गाभाही नेमका त्याच वस्तीत राहायला असल्यामुळे समालोचक नाकातून बोलायला लागला. त्यात यूट्यूबने त्या दिवसांत गंमत म्हणून व्हिडिओखाली फुटबॉलच्या चित्राचं एक बटण दिलं. ते दाबलं की कुठल्याही व्हिडिओत वुवुझेला वाजायचा. ते घरात कुणाच्या नजरेस पडू नये अशी माझी इच्छा होती. भाच्याने ते संध्याकाळपर्यंत शोधलं.

खेळाडूही वैतागले होते. फ्रान्सचा कर्णधार पॅट्रिस एव्हरा म्हणाला, पहाटेपासून हे वाजतं, झोप होत नाही आणि मैदानावर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. फ्रान्सचा संघ गटात तळाला राहून घरी गेला; त्याआधी एका खेळाडूला परत पाठवलं गेलं आणि बाकीच्यांनी सरावावरच बहिष्कार टाकला. एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं म्हणतात, पण भांडण मात्र साऱ्या जगाला स्वच्छ ऐकू आलं. स्पेनच्या झाबी अलोन्सोने तर आदल्या वर्षीच, 2009 च्या दक्षिण आफ्रिकेतल्याच कॉन्फेडरेशन्स कपमध्ये, पुंगीवर बंदी घाला म्हणून सांगितलं होतं. आणि त्याच स्पर्धेत, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, त्याच घूंऽऽऽमध्ये, जादा वेळेत विजयी गोल कुणी मारला? अलोन्सोनेच. पुढच्या वर्षी तो तिथूनच वर्ल्ड कपही घेऊन गेला. आमच्या तक्रारींना असं यश कधी येत नाही. त्या वर्ल्ड कपमध्ये सगळे अंदाज बरोबर सांगणारा एकच निघाला, जर्मनीतला पॉल नावाचा ऑक्टोपस. तो काचेच्या टाकीत, पाण्याखाली होता, हे लक्षात घ्यायला हवं.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, ऐकू आली तर. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर पुंगीच्या बाजूने उभे राहिले: आफ्रिकेचा ताल वेगळा, आवाज वेगळा, तुमच्या देशातल्या परंपरांवर कुणी बंदी घातलेली चालेल का? ब्लाटर यांच्याशी सहमत होण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार नाहीत, पण हा त्यातला एक. पाहुणा म्हणून जायचं, आणि यजमानाला म्हणायचं की तुमचा आनंद जरा हळू करा! शिवाय ही ओरड करणाऱ्यांत असे देश होते, जिथे नव्वद मिनिटं ढोल बडवणाऱ्याला ‘वातावरण निर्माण करणारा’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत या पुंगीचा जनक कोण यावर वाद आहेत. फ्रेडी माके हा फुटबॉलवेडा चाहता म्हणतो मी, एक चर्च म्हणतं आमची, कुणी ती कुडू हरणाच्या शिंगापर्यंत मागे नेतो. जिच्या पितृत्वासाठी इतके जण भांडतात ती काही अगदीच टाकाऊ नसणार.

आमच्याकडेही एक आली. एका मित्राने तिकडून आणली, पिवळीधमक. ती नुसती फुंकून वाजत नाही. ओठ घट्ट मिटून त्यांच्या फटीतून हवा फुरफुरवावी लागते, तेव्हा ती बोलते. माझ्याकडून ओलसर, सांगण्यासारखा नसलेला एक आवाज निघाला. बाबांची हवा एका टोकातून जाऊन दुसऱ्या टोकातून बिनबोभाट बाहेर पडली. भाच्याला तिसऱ्या फुंकेला चक्कर आली. मग आत्याने ती हातात घेतली, पदराने तोंड पुसलं (पुंगीचं), आणि पहिल्याच फुंकेत काचा थरथरल्या. भाचा कान झाकून टेबलाखाली गेला.

“यात काय आहे एवढं?” आत्या म्हणाली.

त्या दिवशी सामना लागल्यावर भाचा तिच्या मागे लागला. “आत्याआजी, वाजव ना!”

“वाजवते. पण झालं काय ते सांगशील की नाही? गोल झाला?”

“नाही.”

“मग कशाला वाजवू?” आणि पुंगी मांडीवर आडवी ठेवून ती टीव्हीकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने चेंडू जाळ्यात गेला. आत्याने वाजवली, चांगली लांबलचक. वाजवून होते तोवर पलीकडे झेंडा वर झाला होता. ऑफसाइड. गोल रद्द.

“अरे, मग मी वाजवलं ते?” आत्या संतापली. “ते आता परत कसं घ्यायचं?”

त्यानंतर ऑफसाइड म्हणजे काय ते पूर्ण समजून घेतल्याशिवाय तिने पुंगीला तोंड लावलं नाही. समजावण्यात उत्तरार्ध गेला. माझ्या मते जगातल्या कुठल्याही स्टेडियममध्ये वाद्य घेऊन बसायला इतका लायक माणूस मी पाहिलेला नाही.

संघटनांना हे बारकावे परवडत नाहीत. त्यांना बंदी सोपी. सप्टेंबर 2010 मध्ये युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने आपल्या स्पर्धांतून वुवुझेला हद्दपार केला. 2014 च्या ब्राझील वर्ल्ड कपलाही तो नको असं ठरलं, आणि त्याची जागा घ्यायला आलं होतं त्याहून भयंकर काहीतरी: अधिकृत वाद्य. कार्लिन्योस ब्राऊन या संगीतकाराने काशिरोला नावाचा प्लॅस्टिकचा खुळखुळा तयार केला. एप्रिल 2013 मध्ये ब्राझीलच्या साल्वादोर शहरातल्या एका सामन्यात तो प्रेक्षकांच्या हातात पडला. आपला संघ मार खातोय म्हटल्यावर त्यांनी ते खुळखुळे शेकड्यांनी मैदानात भिरकावले. खुळखुळ्यावरही बंदी. 2018 ला रशियाने लाकडी चमचे पुढे केले. एकमेकांवर आपटायचे. तो नाद टीव्हीपर्यंत पोहोचल्याचं मला तरी आठवत नाही. समितीने ठरवून दिलेला उत्साह हा असाच वाजतो.

याउलट 2016 च्या युरो कप या युरोपीय स्पर्धेतली आइसलँडची मंडळी आठवा. ढोलाचे दोन ठोके, मग शांतता, मग हजारो हातांची एकच टाळी. पुन्हा शांतता. त्या मधल्या शांततेनेच अंगावर काटा यायचा. ढोल होता, पण त्याला गप्प बसता येत होतं.

आणि अगदीच शांतता कशी असते तेही आपण पाहिलंय. 2020 च्या मे महिन्यात जर्मनीत फुटबॉल पुन्हा सुरू झालं ते रिकाम्या स्टेडियममध्ये. प्रशिक्षकाच्या शिव्या, बुटांचा चेंडूवर थाड आवाज, गोलनंतर दोन माणसांच्या टाळ्या. मग टीव्हीवाल्यांनी गर्दीचा आवाज वरून ओतायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये तर तो व्हिडिओ गेमच्या साठ्यातून आणला. कुणीतरी बटणावर बोट ठेवून बसलेला, आणि गोल झाल्यावर आरोळी अर्धा सेकंद उशिरा. आतल्या खोलीतून मला तो अर्धा सेकंद लगेच कळायचा. तेव्हा एखाद्या खऱ्या माणसाने पिवळी पुंगी वाजवली असती तर मी टीव्हीला हात जोडले असते.

म्हणून माझा नियम साधा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्याला ढोल आणा, ट्रम्पेट आणा, पुंगीसुद्धा आणा. फक्त गेटवर वाद्य तपासणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत: खेळतंय कोण, आणि ऑफसाइड म्हणजे काय? उत्तर आलं तर वाद्यासकट आत. नाही आलं तर वाद्य बाहेर, माणूस आत. ही परीक्षा व्हीआयपी कक्षाच्या दारावर मात्र ठेवू नये. वाद्यं तिथे नसतातच, आणि माणसंच अडवायची ठरली तर पहिल्या रांगा रिकाम्या पडतील. मग तो बटणवाला पुन्हा बोलवावा लागेल.